मार्चमधल्या फ्रेंच संध्याकाळी

मार्च महिन्यात, परीक्षांच्या आणि चढत्या उन्हाच्या दिवसांत, आलियाँस फ्राँसेजच्या एखाद्या सभागृहाबाहेर संध्याकाळी लहानशी रांग लागते. फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या चित्रपटांचा मोफत महोत्सव असतो; तिकीटखिडकी नसते. आधी येईल तो आधी बसेल, एवढाच नियम. पुढच्या रांगा फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी भरतात. काहींच्या मांडीवर वही उघडी असते, कानावर पडतील ते शब्द टिपून घ्यायला. मागे फिल्म सोसायट्यांच्या काळापासून सिनेमे बघत आलेली जुनी मंडळी बसतात. मधल्या खुर्च्यांवर ज्यांना नेमकं काय लागणार आहे हे ठाऊक नाही, असेही काही जण. दिवे मालवतात, कॅनडातल्या क्वेबेकचा सिनेमा सुरू होतो आणि पाच मिनिटांत वह्यांवरची पेनं थांबतात. पडद्यावरची माणसं फ्रेंचच बोलताहेत असं कार्यक्रमपत्रिका सांगते. वर्गात शिकलेलं त्यात फारसं काही सापडत नाही. सगळ्यांचे डोळे खालच्या इंग्रजी सबटायटल्सकडे वळतात.

यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. क्वेबेकच्या ग्झाव्हिए दोलानच्या 'मॉमी'ला २०१४ साली कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं आणि फ्रान्समधल्या चित्रपटगृहांत तो लागला, तेव्हा तिथेही पडद्याखाली फ्रेंच सबटायटल्स होती. विधवा आई आणि तिचा अनावर, हळवा, कधी हिंसक होणारा पोरगा यांची ही गोष्ट आहे. ती दोघं एकमेकांवर जशी ओरडतात आणि लगेच एकमेकांना जशी बिलगतात, ती बोली समुद्रापलीकडे साडेतीनशे-चारशे वर्षं आपल्या वाटेने वाढलेली आहे. पॅरिसच्या माणसाला ती वाचून समजून घ्यावी लागते. एका भाषेच्या नावाने भरणाऱ्या महोत्सवाची ही सुरुवात मोठी सुंदर आहे: ज्याची भाषा, त्यालाच पहिल्या संध्याकाळी खाली बघून वाचावं लागतं.

हा महोत्सव मार्चमध्येच का भरतो, याचं उत्तर पॅरिसमध्ये नाही, नायजरची राजधानी निआमेमध्ये आहे. २० मार्च १९७० या दिवशी तिथे एकवीस देशांनी एका करारावर सह्या केल्या आणि फ्रेंच बोलणाऱ्या देशांची संघटना उभी राहिली. पुढाकार घेणाऱ्यांत सेनेगलचे लेओपोल्द सेदार सेंघोर होते, जे राष्ट्राध्यक्ष होण्याआधीपासून कवी होते. ट्युनिशियाचे हबीब बुर्गीबा होते, नायजरचे हमानी दियोरी होते आणि कंबोडियाचे नोरोदोम सिहानूक. चौघांच्याही देशांवर फ्रान्सने राज्य केलेलं. तरी राज्यकर्ता गेल्यावर त्याची भाषा आपसात बोलायला ठेवून घ्यावी, असं त्यांना वाटलं. सेंघोरांच्या कवितांचा आणि त्यांच्या पिढीच्या राजकारणाचा विचार केला, तर त्या वाटण्यात प्रेमही होतं आणि व्यवहारही. डाकारच्या माणसाला नॉम पेन्हच्या माणसाशी बोलायला दुसरी कोणती भाषा होती?

तो २० मार्च आता फ्रँकोफोनीचा, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या जगाचा, आंतरराष्ट्रीय दिवस आहे आणि त्याच्या आगेमागे जगभर हे मोफत चित्रपट लागतात. मात्र २०२५ च्या मार्चमध्ये, त्या दिवसाच्या तोंडावर, नायजर, माली आणि बुर्किना फासो या तिन्ही देशांनी संघटनेतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ज्या घरात बारसं झालं, तेच घर वजा झालं. चित्रपटांच्या यादीकडे बघताना हे मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

मोफतपणाचीही एक व्यवस्था असते. असे चित्रपट धंद्याच्या अटींवर आणले जात नाहीत. पॅरिसच्या अँस्तित्यू फ्राँसे या संस्थेकडे बिगरव्यापारी खेळांचे हक्क घेऊन ठेवलेल्या चित्रपटांचा मोठा साठा आहे आणि जगभरातली फ्रेंच सांस्कृतिक केंद्रं तो वापरतात. आफ्रिकी चित्रपटांचा तर १९६१ पासूनचा स्वतंत्र संग्रह आहे, सिनेमाथेक आफ्रिक. बेल्जियम, स्वित्झर्लंड, कॅनडा आपापल्या दूतावासांकडून एखाद-दुसरा चित्रपट देतात. प्रत्येक संध्याकाळी वेगळ्या देशाचं कोणी तरी उठून चार शब्द बोलतं. ती भाषणं बहुधा लांबतात. पण त्यामुळेच बाजारात ज्यांना कधी पडदा मिळाला नसता असे चित्रपट त्या खोलीत पोहोचतात, आणि खिशात रिक्षाभाड्यापुरते पैसे असलेला विद्यार्थीही ते पाहू शकतो.

फ्रेंच सिनेमा मुंबईत पहिल्यांदा आला तो तिकीट लावून. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. दर एक रुपया, त्या काळी चैनीचाच. त्या खेळांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या छायाचित्रकाराला झपाटलं. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. बघणारा तीनच वर्षांत दाखवणारा झाला.

फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत हेच घडायला आणखी कित्येक दशकं लागली. सिनेमा तिथेही लवकर पोहोचला होता. पण १९३४ साली वसाहतमंत्री पिएर लाव्हाल यांनी एक हुकूम काढला. वसाहतीत चित्रण करायचं तर पटकथा आणि त्यात काम करणारी माणसं आधी सरकारने मंजूर करायची. आफ्रिकी माणसाच्या हाती त्याच्याच गावात कॅमेरा येणार नाही याची ती तजवीज होती. दाहोमेत, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये जन्मलेला पोलँ सुमानू व्हिएरा पॅरिसच्या चित्रपटशाळेत शिकला आणि १९५५ साली त्याने मित्रांबरोबर लघुपट काढला, 'आफ्रिक-स्यूर-सेन'. आफ्रिकेत चित्रण करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी पॅरिसमधले आफ्रिकी तरुणच टिपले. आपला देश दिसत नाही, तर देशाबाहेरचे आपण तरी दिसू. या लघुपटात धक्कादायक असं काही नाही. रस्ते, कॅफे, पुलावरून चालणारे काळे विद्यार्थी. पण तो हुकूम माहीत असलेल्याला त्यातली प्रत्येक चौकट परवानगीविना काढल्यासारखी दिसते.

मग येतो उस्मान सेंबेन, आणि इथे थांबणं भाग आहे.

१९२३ साली दक्षिण सेनेगलमधल्या झिगँशोर इथे जन्मलेल्या सेंबेनने दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात नोकरी केली, मग मार्सेच्या गोदीत हमाली. तिथल्या कामगार संघटनेत तो वाचायला लागला, लिहायला लागला. १९५६ साली त्याची पहिली कादंबरी आली, फ्रेंचमध्ये, गोदी कामगाराचीच. पुढे रेल्वे कामगारांच्या संपावरची मोठी कादंबरी आली, नाव झालं. आफ्रिकेत परतल्यावर मात्र त्याला साधी गोष्ट दिसली: ज्यांच्याविषयी तो लिहीत होता, त्यांतल्या बहुतेकांना ते पुस्तक वाचता येणार नव्हतं. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा नावाजलेला लेखक मॉस्कोला गेला आणि सिनेमा शिकून आला. सिनेमा ही आपल्या लोकांची रात्रशाळा आहे, असं तो म्हणत असे. महाराष्ट्रात कामगारवस्तीतल्या रात्रशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात काय काय आलं ते वेगळं सांगायला नको.

'बोरोम सारेत' हा त्याचा पहिला गाजलेला लघुपट १९६३ चा, डाकारमधल्या घोडागाडीवाल्याच्या एका दिवसाचा. त्यानंतर १९६६ साली 'ला न्वार द...'. जेमतेम तासाभराचा, कृष्णधवल. जुआना नावाची तरुणी डाकारमध्ये चौकाच्या कडेला काम मागणाऱ्या बायकांत बसलेली असते. एक फ्रेंच बाई येते. बाकीच्या पुढे धावतात, जुआना धावत नाही, म्हणून तिचीच निवड होते. ती मुलं सांभाळायला समुद्रापार, फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्यावरच्या आंतीबला जाते आणि तिथे तिला स्वयंपाक, धुणं, झाडू हेच हाती येतं. फ्रान्स म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि खिडकीतून दिसणारा रात्रीचा काळोख.

या चित्रपटात जुआना तोंडाने फारच थोडं बोलते. तिचं मन मात्र सतत बोलतं, तेही सफाईदार फ्रेंचमध्ये. जिला लिहिता-वाचता येत नाही तिच्या डोक्यात ही भाषा कुठून आली, असा प्रश्न पडतोच. तो आवाजही त्या अभिनेत्रीचा नाही. तो आहे तोतो बिसँत या हैतीच्या गायिकेचा. सेनेगलची मोलकरीण, रिव्हिएरातलं घर आणि कॅरिबियन बेटावरच्या बाईचा गळा. गुलामांची जहाजं ज्या वाटेने गेली, ती वाट उलटी फिरून त्या आवाजात परत आल्यासारखी वाटते.

आणि ते पत्राचं दृश्य. डाकारहून आईचं पत्र येतं. जुआनाला वाचता येत नाही, मालक वाचून दाखवतो. आई विचारते, पैसे का पाठवत नाहीस, खुशाली का कळवत नाहीस. मालक चांगुलपणाने कागद-पेन घेतो आणि तिच्या वतीने उत्तर लिहू लागतो. ती काही सांगत नाही तेव्हा मजकूरही स्वतःच सुचवतो. जुआनाच्या मनातला आवाज म्हणतो की हे पत्र आपलं नाही, आणि ती पत्र फाडून टाकते. आईच्या वतीने ते पत्र लिहून देणारा डाकारचा शिक्षक पडद्यावर दिसतो, तो स्वतः सेंबेन आहे. दुसऱ्यासाठी लिहिण्याचं ओझं त्याने स्वतःच्याच चेहऱ्यावर घेतलं.

दोनच वर्षांनी, १९६८ साली, त्याने 'मांदाबी' काढला आणि या वेळी माणसं सेनेगलची वोलोफ भाषा बोलली. सगळं दोनदा चित्रित झालं, एकदा फ्रेंचमध्ये, एकदा वोलोफमध्ये. आज जगभर दाखवला जातो तो वोलोफ. इब्राहिमा जेंग या मध्यमवयीन, दोन बायकांच्या बेकार गृहस्थाला पॅरिसमध्ये झाडू मारणाऱ्या पुतण्याची मनीऑर्डर येते, पंचवीस हजार फ्रँकची. ती सोडवायला ओळखपत्र हवं. ओळखपत्राला जन्माचा दाखला हवा, फोटो हवा, मुद्रांक हवा. दाखल्यासाठी जन्मतारीख हवी, आणि ती त्याला ठाऊक नाही. तोवर पैसे आल्याची बातमी गल्लीभर झालेली असते आणि उसनवारीवाले दारात बसलेले असतात. तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी तीन खेपा घातलेल्या माणसाला या चित्रपटाची एकही चौकट परकी वाटणार नाही. कचेरीतले साहेब जेंगशी फ्रेंचमध्ये बोलतात. जेंग घरी, गल्लीत, मशिदीत वोलोफ बोलतो. खिडकीच्या अलीकडे एक भाषा, पलीकडे दुसरी, आणि त्यामध्ये त्याचा झुळझुळीत झगा धुळीला लागत जातो.

फ्रेंच चित्रपटांच्या महोत्सवात फ्रेंच सर्वांत कमी असलेला चित्रपटच सर्वांत मोलाचा निघावा, हे 'मांदाबी'मुळे पहिल्यांदा कळतं. मग त्याची आणखी उदाहरणं दिसू लागतात. अल्जीरियाच्या आसिया जेबार फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहीत होत्या, पुढे २००५ साली त्या अकादेमी फ्राँसेज या मानाच्या संस्थेवर निवडून गेल्या. पण सत्तरच्या दशकात मधली काही वर्षं त्यांनी कादंबरी बाजूला ठेवली आणि कॅमेरा घेऊन शेनुआ डोंगराकडच्या बायकांकडे गेल्या. स्वातंत्र्ययुद्धात त्या बायकांनी काय पाहिलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायला. फ्रेंच कादंबरीत त्या बायकांचा आवाज मावला नसता. सेंबेन आणि जेबार एकाच अडचणीतून निघून एकाच दारापाशी पोहोचले, हा योगायोग म्हणवत नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती दाखवतो सेंबेनचाच १९८८ चा चित्रपट 'कां द तियारोय'. १ डिसेंबर १९४४ रोजी डाकारजवळच्या तियारोय छावणीत, फ्रान्ससाठी लढून परतलेल्या आफ्रिकी सैनिकांनी थकलेला पगार मागितला म्हणून फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशिया यांनी मिळून हा चित्रपट काढला, फ्रान्सचा पैसा न घेता. त्यातले सैनिक वेगवेगळ्या मुलखांतले, एकमेकांच्या भाषा न येणारे. छावणीत ते मोडक्यातोडक्या, व्याकरण सोडून दिलेल्या फ्रेंचमध्ये बोलतात. त्याच फ्रेंचमध्ये थट्टा करतात, जेवणाबद्दल तक्रार करतात, आणि एकजूट करून जनरलला अडवूनही ठेवतात. हुकूम झेलण्यापुरती शिकवलेली भाषा त्यांनी आपसात ठरवायला वापरली. निआमेच्या करारात जे गंभीर कलमांत लिहिलं गेलं, ते या सैनिकांनी पत्र्याच्या ताटलीवर जेवताना आधीच करून टाकलं होतं.

मार्तिनिकच्या युझान पाल्सी यांचा १९८३ चा 'र्यू काझ-नेग्र' मराठी माणसाने तर पाहायलाच हवा. १९३० च्या दशकातलं कॅरिबियन बेट, उसाचा मळा, मजुरांची झोपड्यांची ओळ. गुलामी कायद्याने केव्हाच संपलेली, पण मुकादम तोच आणि मजुरीतली कापही तीच. आजी नातवाला, जोझेला, उसात पाठवायला ठाम नकार देते. तो शाळेत जाणार. त्यासाठी ती पुढे शहरात येऊन लोकांचे कपडे धुते. शहरातल्या शाळेत जोझे आपल्या वस्तीवर इतका चांगला निबंध लिहितो, की तो कुठून तरी उतरवला असणार असा शिक्षक आरोप करतात. भर वर्गातला तो क्षण सोसवत नाही. मुलगा घरी क्रिओल बोलतो, निबंध फ्रेंचमध्ये लिहितो, आणि ती फ्रेंच त्याची स्वतःची असू शकते यावर आधी कोणाचा विश्वास बसत नाही.

उसाच्या त्याच वाटेवर मराठी माणसंही गेली. १८३४ पासून हिंदुस्थानातून मॉरिशसला करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आज घरात फ्रेंचमधून उगवलेली क्रिओल बोलतात, फ्रेंच वर्तमानपत्र वाचतात आणि गणेश चतुर्थीला, जी तिथे सार्वजनिक सुट्टी आहे, जाखडी नाचतात. मॉरिशस फ्रँकोफोनीचा सदस्य देश आहे. म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या जगात मराठी आडनावं दीड शतकाहून जास्त काळ राहत आली आहेत. त्यांच्या उसावरचा, त्यांच्या आजीवरचा चित्रपट या महोत्सवात एखाद्या मार्चमध्ये यावा, ही इच्छा अवाजवी नाही.

सगळेच चित्रपट वसाहतीच्या जखमेवर बोट ठेवत नाहीत. फिलिप फालार्दो यांच्या २०११ च्या 'मस्यो लाझार'मध्ये मॉन्ट्रियलच्या प्राथमिक शाळेत एका शिक्षिकेने वर्गातच गळफास घेतलेला असतो. तिच्या जागी अल्जीरियाहून आलेला बशीर लाझार येतो. पहिल्याच दिवशी बाकं सरळ रांगेत लावतो आणि शुद्धलेखनाला बाल्झाकचा उतारा घालतो. मुलं गांगरतात. त्यांच्या क्वेबेकी फ्रेंचला ते एकोणिसाव्या शतकातलं वाक्य झेपत नाही, आणि त्याला त्यांची बोली झेपत नाही. लाझारने स्वतः काय गमावलंय हे हळूहळू कळत जातं, तसं शुद्धलेखनाचं ते दृश्य पुन्हा आठवतं. शोक करण्याची त्या शाळेला परवानगी नाही. मानसोपचारतज्ज्ञ ठरल्या वेळी येतात, बाकी कोणी विषय काढायचा नाही. व्याकरण दुरुस्त करता करताच शिक्षक आणि मुलं एकमेकांच्या दुःखापर्यंत पोहोचतात.

कंबोडियाच्या रिथी पान्ह यांच्याकडे तर दाखवायला चित्रंच उरली नव्हती. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज बंडखोरांनी नॉम पेन्ह रिकामं केलं तेव्हा ते लहान होते. घरातली माणसं एकेक करून गेली. त्या वर्षांची जी फिल्म उरली ती राजवटीने प्रचारासाठी काढलेली. २०१३ च्या 'लिमाज मांकांत'मध्ये त्यांनी मातीच्या लहान बाहुल्या करवून घेतल्या, रंगवल्या आणि त्यांची छावणी मांडली. बाहुल्या हलत नाहीत. कॅमेरा त्यांच्यामधून जातो आणि एक आवाज फ्रेंचमध्ये बोलत राहतो. आश्रय मिळालेल्या देशाची भाषा ती. ख्मेरमध्ये हे सांगताना किती कठीण गेलं असतं, हे बाहेरच्याने ठरवू नये. पण त्या निवेदनात जी सावकाशी आहे, प्रत्येक वाक्यानंतर जो श्वास आहे, त्यावरून वाटतं की थोडी दुरून आणलेली भाषा कधी कधी हाताला चटका न बसता निखारा उचलू देते.

माती दियोपच्या 'दाहोमे'ने २०२४ साली बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल पटकावलं. १८९२ च्या स्वारीत लुटून नेलेल्या राजवस्तूंपैकी सव्वीस वस्तू पॅरिसच्या संग्रहालयाने २०२१ साली बेनिनला परत केल्या, त्या प्रवासाचा हा अनुबोधपट. पेटीत बंद झालेला राजाचा पुतळा बोलतो, तो बेनिनमधल्या फोन भाषेत. नंतर विद्यापीठातले विद्यार्थी सव्वीसच का, हजारो का नाहीत, यावर तावातावाने भांडतात, आणि ते भांडण बहुतांशी फ्रेंचमध्ये चालतं. वस्तू परत आल्या. भाषा परत करायची कशी आणि कोणाला, हे त्या सभागृहात कोणी ठरवू शकत नाही.

या सगळ्यात फ्रान्सचा स्वार्थ आहे, हे उघड आहे. भाषा टिकली तर वजन टिकतं. 'मांदाबी'लाही फ्रेंच सरकारी अनुदान मिळालं होतं. पण ज्या पैशाने प्रतिष्ठा विकत घ्यायची, त्याच पैशाने स्वतःवरचा आरोपही जगभर फुकट दाखवला जातो. हा उदारपणा अपुरा असेल, खोटा नाही.

एक गोष्ट मात्र सलते. पुण्या-मुंबईत त्या सभागृहाचं दार सगळ्यांना उघडं असतं, तरी सबटायटल्स इंग्रजीच असतात. जो इंग्रजी झपाझप वाचू शकत नाही, त्याला प्रवेश विनामूल्य असून प्रवेश नाही. सेंबेनला सिनेमाकडे ढकलणारी अडचण इथे पुन्हा तशीच उभी राहते. जेंगची ती वणवण मराठीत खाली उमटली, तर 'मांदाबी' बीडच्या, यवतमाळच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात सहज रंगेल. दीड तासाच्या चित्रपटाचे संवाद मराठीत आणायला दोन-चार जाणत्या माणसांची काही आठवड्यांची मेहनत पुरे. फिल्म सोसायट्या हे करू शकतात, विद्यापीठांचे फ्रेंच विभाग करू शकतात. आणि ज्यांना मराठीही वाचता येत नाही त्यांच्यासाठी जुनी रीत आहेच. मूकपटांच्या काळात क्वेबेकमध्येही आणि आपल्याकडेही पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून समोर चाललेली गोष्ट मोठ्याने सांगत असे, लोकांच्या बोलीत, मध्येच स्वतःचं चार वाक्यं घालून.